हार्वेचा अर्ध्या तासाचा हिशेब

पावसाळ्यात वर्तमानपत्र उघडले की धरणांच्या बातम्यांत दोन आकडे हमखास दिसतात. एक साठ्याचा, तो टीएमसीमध्ये. दुसरा विसर्गाचा, तो क्युसेकमध्ये. पुष्कळांना हे दोन्ही आकडे एकाच जातीचे वाटतात. ते तसे नाहीत. टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट पाणी. ते धरणात नुसते पडून असले तरी तेवढेच. क्युसेक म्हणजे दर सेकंदाला एक घनफूट, सुमारे २८.३ लिटर. इथे काळ आला. साठ्याला फक्त किती एवढेच विचारायचे असते. प्रवाहाला किती वेळात किती, असे विचारावे लागते. ११,५७४ क्युसेकचा विसर्ग अखंड २४ तास चालला तर एक टीएमसी पाणी जाते. एवढे एक गणित लक्षात ठेवले की दोन्ही आकड्यांचा मेळ बसतो.

आपल्या शरीरातही हेच दोन आकडे आहेत. प्रौढ माणसाच्या अंगात रक्त असते सुमारे ५ लिटर. हा झाला साठा. आणि स्वस्थ बसलेल्या माणसाचे हृदय रक्त बाहेर ढकलते मिनिटाला सुमारे ५ लिटर. हा झाला प्रवाह. आकडा तोच, पण एकक वेगळे. ही दोन वाक्ये शेजारी शेजारी ठेवली की एक गोष्ट आपोआप बाहेर येते: अंगात जेवढे रक्त आहे तेवढे सगळे मिनिटाभरात हृदयातून जाते. म्हणजे तेच रक्त पुन्हा पुन्हा फिरत असले पाहिजे.

आज हे शाळकरी मुलालाही पाठ असते. पण मानवजातीला ते कळायला १६२८ साल उजाडावे लागले. त्याआधी शवविच्छेदने होत होती, हृदयाची चित्रे निघत होती, शिरा आणि धमन्या मोजून झाल्या होत्या. रक्ताच्या आकड्याखाली काळ लिहून पाहणे मात्र राहून गेले होते. ते काम ज्याने केले, त्या विल्यम हार्वेची ही गोष्ट.

व्यापाऱ्याचा थोरला मुलगा

हार्वेचा जन्म १ एप्रिल १५७८ रोजी इंग्लंडच्या आग्नेय किनाऱ्यावरील फोकस्टन या गावी झाला. वडील टॉमस व्यापारी होते आणि गावाचे महापौरही झाले होते. सात मुलगे आणि दोन मुली अशा नऊ भावंडांत विल्यम थोरला. त्याचे काही भाऊ पुढे लंडनमध्ये मोठे व्यापारी झाले. हा वैद्यकाकडे वळला. तरी वजन, माप आणि हिशेब यांची सवय त्याला घरातूनच लागली असावी, असे त्याचे पुस्तक वाचताना मला नेहमी वाटते.

कँटरबरीच्या शाळेतून तो केंब्रिजला गेला, १५९७ मध्ये पदवीधर झाला आणि पुढच्या शिक्षणासाठी इटलीतील पादुआ विद्यापीठात दाखल झाला. त्या काळात शरीररचना शिकायची तर पादुआसारखे ठिकाण नव्हते. गॅलिलिओ तेव्हा तिथेच गणित शिकवत होता. हार्वेचे गुरू होते फाब्रिसियस. शिरांच्या आत जागोजागी छोट्या झडपा असतात, हे ते विद्यार्थ्यांना दाखवत. या झडपा कशासाठी, याचे त्यांचे उत्तर असे की रक्त सगळे हातापायांकडे वाहून तिथे साचू नये म्हणून त्या त्याचा वेग कमी करतात. विद्यार्थी हार्वेने झडपा पाहिल्या आणि त्यांची दिशा मनात ठेवली. त्या सगळ्या हृदयाकडेच उघडत होत्या. आपल्याला विचार सुचला तो या झडपांवरून, असे त्याने पुढे म्हातारपणी रॉबर्ट बॉइल या शास्त्रज्ञाला सांगितले.

एप्रिल १६०२ मध्ये पादुआची वैद्यकीय पदवी घेऊन तो लंडनला परतला. १६०४ मध्ये एलिझाबेथ ब्राउन हिच्याशी त्याचे लग्न झाले. तिचे वडील राजवैद्य होते. या जोडप्याला मूलबाळ झाले नाही. १६०९ मध्ये हार्वे सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयात वैद्य म्हणून नेमला गेला. हे लंडनमधले गोरगरिबांचे रुग्णालय, ११२३ साली स्थापन झालेले. आठवड्यातून किमान एक दिवस मोठ्या दालनात टेबलाशी बसायचे, समोर येणारे रुग्ण तपासायचे आणि औषध लिहून द्यायचे, असे काम. आमच्या सरकारी बाह्यरुग्ण विभागात बसणाऱ्या कोणालाही ते ओळखीचे वाटेल.

चौदाशे वर्षांचा समज

त्या वेळी युरोपात गेलन या प्राचीन वैद्याचे शब्द प्रमाण मानले जात. सुमारे १४०० वर्षे ते तसेच चालत आले होते. गेलनची मांडणी थोडक्यात अशी: खाल्लेल्या अन्नापासून यकृतात रक्त तयार होते. ते शिरांवाटे सर्व अवयवांकडे जाते आणि तिथे अवयवांचे पोषण करून संपते. त्यातले थोडे हृदयाच्या उजव्या बाजूतून मधल्या पडद्याच्या अदृश्य छिद्रांवाटे डाव्या बाजूला झिरपते, तिथे त्यात प्राणतत्त्व मिसळते आणि ते धमन्यांत जाते. म्हणजे रक्त हे शेताला सोडलेल्या पाण्यासारखे: उगमापासून निघायचे, जमिनीत मुरायचे आणि संपायचे. रोज नवे अन्न, रोज नवे रक्त.

ही मांडणी हास्यास्पद मुळीच नव्हती. यकृत मोठे असते, रक्ताने भरलेले असते, आतड्यांकडून येणारी मोठी शीर त्यातच शिरते. जेवल्यावर बळ येते, उपासाने माणूस फिका पडतो. डोळ्यांना दिसणाऱ्या सगळ्या गोष्टी तिच्याशी जुळत होत्या. तिच्यात एकच उणीव होती: रक्त किती वेगाने वाहते, हे कोणी विचारलेले नव्हते.

या भिंतीला काही तडे आधीच गेले होते. हृदयाच्या उजव्या बाजूकडून रक्त फुप्फुसांतून फिरून डावीकडे येते, हे तेराव्या शतकात इब्न अल-नफीस या अरब वैद्याने लिहिले होते. सोळाव्या शतकात सर्व्हिटस आणि पादुआत शिकवलेला कोलंबो यांनीही ते मांडले. पण सबंध शरीराचा फेरा कोणी सिद्ध केला नव्हता.

हार्वेने आधी नुसते पाहिले. कुत्री, डुकरे, साप, बेडूक, मासे, गोगलगायी, कोळंबी. गरम रक्ताच्या प्राण्यांचे हृदय इतक्या झपाट्याने हलते की आकुंचन कोणते आणि प्रसरण कोणते तेच कळेना. हृदयाची गती देवालाच ठाऊक असावी, असे वाटण्याइतका तो निराश झाला होता. मग त्याने थंड रक्ताचे प्राणी घेतले, ज्यांचे ठोके संथ असतात. सापाच्या हृदयाकडे येणारी शीर चिमट्यात धरली की हृदय फिके आणि लहान होई. हृदयातून निघणारी धमनी धरली की ते फुगून जांभळे पडे. रक्त कुठून येते आणि कुठे जाते, हे त्यातून स्पष्ट झाले. किती जाते, हा प्रश्न उरला.

औंस, ड्रॅम आणि हजार ठोके

आता तो हिशेब पाहू. त्या काळी औषधे तोलायची वजने हार्वेने वापरली. १ पौंड म्हणजे १२ औंस, १ औंस म्हणजे ८ ड्रॅम, १ ड्रॅम म्हणजे ३ स्क्रूपल. आजच्या भाषेत हा औंस सुमारे ३१ ग्रॅमचा, ड्रॅम ३.९ ग्रॅमचा आणि स्क्रूपल १.३ ग्रॅमचा. हा पौंड वैद्यांचा, सुमारे ३७३ ग्रॅमचा. बाजारात चालणारा पौंड १६ औंसांचा आणि सुमारे ४५४ ग्रॅमचा. जुने ग्रंथ वाचताना या दोन पौंडांची गल्लत झाली तर सगळे उत्तर पाचव्या हिश्शाहून जास्त चुकते.

हार्वेने एका मृतदेहातल्या हृदयाच्या डाव्या कप्प्यात दोन औंसांहून अधिक रक्त मावते हे पाहिले होते. कप्पा आकसतो तेव्हा यातले किती बाहेर पडत असेल? त्याने मुद्दाम कमी धरले. चौथा हिस्सा, पाचवा, सहावा, अगदी आठवा. म्हणजे दर ठोक्याला अर्धा औंस, किंवा तीन ड्रॅम, किंवा अगदी एकच ड्रॅम. ठोके किती? अर्ध्या तासात एक हजाराहून जास्त, काहींचे दोन, तीन, चार हजारही. त्याने पुन्हा सर्वांत कमी आकडा घेतला: एक हजार.

वेळेचे माप अर्धा तास का, असे आज आपल्याला वाटेल. त्या काळी सर्वसाधारण घड्याळांना मिनिटकाटा नसे. लंबकाचे घड्याळ आले ते हार्वेच्या आयुष्याच्या अगदी शेवटी आणि एक मिनिट चालणारे घड्याळ घेऊन नाडी मोजण्याची पद्धत जॉन फ्लॉयर या इंग्रज वैद्याने मांडली ती १७०७ मध्ये. मिनिट हे वैद्याच्या हाताशी असलेले एककच नव्हते. अर्धा तास मात्र होता.

आता गुणाकार. ठोक्याला एक ड्रॅम धरला तर अर्ध्या तासात १,००० ड्रॅम, म्हणजे १२५ औंस, म्हणजे १० पौंड ५ औंस. अर्धा औंस धरला तर ५०० औंस, म्हणजे ४१ पौंड ८ औंस. मेंढीसारख्या लहान जनावरात ठोक्याला एक स्क्रूपल धरला तरी अर्ध्या तासात साडेतीन पौंडांच्या आसपास रक्त महाधमनीत ढकलले जाते; आणि मेंढीच्या सबंध अंगात चार पौंडांहून जास्त रक्त नसते, हे हार्वेने स्वतः मोजून पाहिले होते.

हेच आकडे आपल्या एककांत आणू. १,००० ड्रॅम म्हणजे ३.९ किलो. ते अर्ध्या तासाचे. ३० ने भागले की मिनिटाला १३० ग्रॅम. रक्त पाण्यापेक्षा किंचित जड असते, लिटरला सुमारे १.०६ किलो. तेव्हा हे झाले मिनिटाला सुमारे १२३ मिलिलिटर. अर्ध्या औंसाचा हिशेब असाच केला तर मिनिटाला सुमारे अर्धा लिटर येतो. खरा आकडा किती? आज आपण जाणतो की ठोक्याला सुमारे ७० मिलिलिटर रक्त बाहेर पडते आणि ठोके मिनिटाला ७२ धरले तर होतात सुमारे ५ लिटर. म्हणजे हार्वेचे उत्तर दहापट ते चाळीसपट कमी होते.

तरीही तो जिंकला, आणि कमी धरल्यामुळेच जिंकला. त्याचा सर्वांत लहान आकडा घ्या: अर्ध्या तासाला ३.९ किलो. दिवसाला अर्धे तास ४८. गुणाकार येतो १८७ किलो. एवढे नवे रक्त यकृताने रोज करायचे, तर माणसाने रोज स्वतःच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट अन्न खायला हवे. आणि एवढे रक्त धमन्यांत शिरून पुन्हा बाहेर पडले नाही, तर त्या फुटायलाच हव्यात. आकडा कितीही खाली ओढला तरी गेलनची मांडणी टिकत नव्हती. उरला एकच मार्ग: जे रक्त हृदयातून जाते तेच परत हृदयाकडे येते.

अचूक मोजमाप हाती नसताना आपल्या बाजूला प्रतिकूल असा आकडा घ्यायचा आणि तरीही निष्कर्ष टिकतो का ते पाहायचे, ही पद्धत मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो. ती हार्वेची आहे.

आपल्या हातावरचा पुरावा

हिशेबाने फेरा आहे एवढे सिद्ध झाले. तो कोणत्या दिशेने, हे दाखवायला हार्वेने दंडाला पट्टी बांधली. पट्टी करकचून आवळली तर मनगटाची नाडी थांबते, हात गार पडू लागतो. ती किंचित सैल केली की नाडी परत येते, पण कोपराखालच्या शिरा टरारून फुगतात. खोल असलेल्या धमनीतून रक्त हातात आले, वरच्या शिरांतून परत जाताना पट्टीपाशी अडले. रक्त तपासणीला हात पुढे करता तेव्हा तंत्रज्ञ रबरी पट्टी बांधतो, ती याच कारणासाठी.

फुगलेल्या शिरेवर मध्ये मध्ये लहान गाठी दिसतात. त्याच फाब्रिसियसच्या झडपा. हार्वेने एका गाठीखाली बोट दाबून दुसऱ्या बोटाने शिरेतले रक्त वर, पुढच्या गाठीपलीकडे सारले. मधला भाग रिकामा राहिला. वरून रक्त खाली येईना. खालचे बोट उचलताच तो क्षणात भरला. दिशा एकच, हृदयाकडे.

१६१६ पासून तो लंडनच्या वैद्यांच्या महाविद्यालयात शरीररचनेवर व्याख्याने देत होता आणि आपले प्रयोग सहकाऱ्यांना वर्षानुवर्षे दाखवत होता. पुस्तक त्याने घाईने काढले नाही. ते १६२८ मध्ये जर्मनीतील फ्रँकफर्टला लॅटिनमध्ये छापले गेले: जेमतेम ७२ पाने आणि छपाईच्या चुका भरपूर. हार्वे तेव्हा पन्नाशीचा होता.

व्यवसाय घटला, मत टिकले

पुस्तक आल्यावर हार्वेकडे येणारे रुग्ण कमी झाले, असे त्याला ओळखणाऱ्या जॉन ऑब्रे या चरित्रकाराने नोंदवले आहे. डोके फिरलेला वैद्य अशी त्याची ख्याती झाली. इंग्लंडमध्ये प्रिमरोज या वैद्याने विरोधात पुस्तक लिहिले, पॅरिसचा नामवंत शरीररचनातज्ज्ञ रिओलाँ अखेरपर्यंत मानेना. १६३६ मध्ये जर्मनीच्या प्रवासात हार्वेने आल्टडॉर्फ येथे हॉफमन या जुन्याजाणत्या अध्यापकाला समोर बसवून प्रयोग दाखवला. तोही पटला नाही. हॉफमनचा एक आक्षेप हिशेबावरच होता. शरीररचनातज्ज्ञाने पाहावे, आकडेमोड कसली करतो, असा त्याचा सूर. वैद्यकात संख्या आणणे हेच तेव्हा अनेकांना खालच्या दर्जाचे काम वाटत होते.

एक खरी त्रुटी मात्र होती. धमन्यांतून शिरांत रक्त कोणत्या वाटेने जाते, ती वाट हार्वेला दाखवता आली नाही. ती असलीच पाहिजे एवढे त्याचा हिशेब सांगत होता. इटलीच्या माल्पिघीने सूक्ष्मदर्शकाखाली बेडकाच्या फुप्फुसातील केशवाहिन्या दाखवल्या त्या १६६१ मध्ये, हार्वे गेल्यानंतर चार वर्षांनी.

आणि हेही सांगायला हवे की उपचारांच्या बाबतीत हार्वे आपल्या काळाच्या फार पुढे नव्हता. रक्त फिरते हे सिद्ध करणारा हा माणूस शिरेतून रक्त काढण्याचा जुना उपचार शेवटपर्यंत योग्य मानत राहिला. शोध लागणे आणि त्याचा रुग्णाला उपयोग होणे, यात कधी कधी शतके जातात.

स्वभावाने तो बुटका, सावळा, तापट, कॉफीचा शौकीन. पहिला जेम्स आणि नंतर पहिला चार्ल्स या राजांचा तो वैद्य होता. चेटकिणी म्हणून धरून आणलेल्या लँकशायरच्या स्त्रियांच्या तपासणीवर १६३४ मध्ये त्याची देखरेख होती आणि त्या तपासणीत त्यांच्या अंगावर अनैसर्गिक असे काही आढळले नाही. यादवी युद्ध पेटले तेव्हा तो राजाबरोबर राहिला. १६४२ च्या एजहिलच्या लढाईत दोन राजपुत्र त्याच्या देखरेखीखाली होते. त्याच सुमारास लंडनमधील त्याचे घर लुटले गेले आणि अनेक वर्षांची टिपणे नष्ट झाली. सामान गेल्याचे नाही, पण त्या कागदांचे दुःख त्याला आयुष्यभर राहिले. १६५१ मध्ये प्राण्यांच्या जन्मावरचे त्याचे दुसरे मोठे पुस्तक आले. आपली मालमत्ता आणि ग्रंथसंग्रह यांतला मोठा वाटा त्याने वैद्यांच्या महाविद्यालयाला दिला. निसर्गाचा शोध प्रयोगाने घ्यावा हे सांगणारे व्याख्यान दरवर्षी तिथे व्हावे अशी तरतूद केली. ते आजही होते. ३ जून १६५७ रोजी पक्षाघाताने त्याचा मृत्यू झाला. तोपर्यंत युरोपातील बहुतेक विद्यापीठांनी रक्ताभिसरण मान्य केले होते. असे भाग्य फार थोड्यांच्या वाट्याला येते.

मिनिटाला पाच लिटर

हार्वेचा आकडा अचूक करायला आणखी दोन शतकांहून जास्त काळ लागला. १८७० मध्ये जर्मन शास्त्रज्ञ अडॉल्फ फिक याने एक सोपी युक्ती मांडली. शरीर मिनिटाला किती ऑक्सिजन वापरते ते मोजा. धमनीतल्या आणि हृदयाकडे परतणाऱ्या रक्तात ऑक्सिजनचा फरक किती ते मोजा. पहिल्याला दुसऱ्याने भागा. विश्रांतीत माणूस मिनिटाला सुमारे २५० मिलिलिटर ऑक्सिजन वापरतो. प्रत्येक लिटर रक्त सुमारे ५० मिलिलिटर देऊन जाते. २५० भागिले ५०, उत्तर ५ लिटर मिनिटाला. आज इकोच्या यंत्राने हे दहा मिनिटांत कळते.

हा प्रवाह डोळ्यांसमोर आणायचा असेल तर १५ लिटरची बादली तीन मिनिटांत भरणारा नळ आठवा. तुमचे हृदय स्वस्थ बसल्या बसल्या तेवढे काम करते; दिवसाला सात हजार लिटरहून अधिक. आणि धरणाच्या एककात सांगायचे तर १ क्युसेक म्हणजे मिनिटाला सुमारे १,७०० लिटर, म्हणजे ३४० हृदये मिळून एक क्युसेक.

चाळीस थेंब

एकक आणि काळ यांचा हा आग्रह मला पुस्तकातून कळला नाही. तीसेक वर्षांपूर्वी, इंटर्न असताना, एका रुग्णालयात माझ्याकडे एक आजोबा दाखल होते. हृदय अशक्त, जुलाबांमुळे अंगातले पाणी कमी झालेले. सलाईन द्यायचे, पण अगदी हळू. मी केसपेपरवर मिनिटाला ४० थेंब असे लिहिले आणि पुढच्या रुग्णाकडे वळलो. तेव्हा लावलेला संच मायक्रोड्रिप होता, ज्यात ६० थेंबांचे एक मिलिलिटर होते. म्हणजे ताशी ४० मिलिलिटर. रात्री तो संच खराब झाला. सिस्टरांनी साधा संच लावला, ज्यात २० थेंबांचे एक मिलिलिटर होते. कागदावर लिहिल्याप्रमाणे त्यांनी चोख ४० थेंब मोजले. म्हणजे ताशी १२० मिलिलिटर. आठ तासांत ३२० ऐवजी ९६० मिलिलिटर.

पहाटे आजोबांचा मुलगा धावत आला. आजोबा उठून बसले होते, आडवे होता येत नव्हते, छातीत घरघर होती. सलाईन बंद केले, ऑक्सिजन लावला, लघवी वाढवणारे इंजेक्शन दिले. दोन-तीन तासांनी श्वास शांत झाला, आणि मी जिन्यात जाऊन बसलो. चूक सिस्टरांची नव्हती, माझी होती. थेंब हे एकक नाही. कोणत्या संचाचा थेंब हे सांगितल्याशिवाय त्याला अर्थ नाही. त्यानंतर मी सलाईनचा वेग ताशी किती मिलिलिटर असाच लिहितो आणि थेंब लिहिलेच तर संच कोणता तेही लिहितो.

रूपांतर अगदी सोपे आहे. ६० थेंबांच्या संचात मिनिटाचे थेंब म्हणजेच तासाचे मिलिलिटर. २० थेंबांच्या संचात तासाच्या मिलिलिटरना ३ ने भागा, मिनिटाचे थेंब मिळतात. ५०० मिलिलिटर चार तासांत द्यायचे, तर ताशी १२५ आणि मिनिटाला सुमारे ४२ थेंब. एका मिलिलिटरला किती थेंब, ते संचाच्या वेष्टनावर छापलेले असते. घरचा माणूस सलाईनवर असेल तर बाटली लवकर संपावी म्हणून चाक फिरवू नका. ते चाक म्हणजे हृदयावर येणाऱ्या भाराचा नळ आहे.

ऑक्सिजनचेही तेच. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत बातम्यांत ऑक्सिजन टनांत येत होता, सिलिंडर घनमीटरमध्ये भरत होते आणि रुग्णाला तो मिनिटाला लिटरमध्ये लागत होता. ७ घनमीटरचा मोठा सिलिंडर म्हणजे ७,००० लिटर. मिनिटाला १० लिटर घेणाऱ्या रुग्णाला तो ७०० मिनिटे, म्हणजे पावणेबारा तासही पुरत नाही. एक टन द्रव ऑक्सिजनचा वायू होतो सात लाख लिटरहून अधिक. दिवसभरात वाटला तर मिनिटाला सुमारे ५०० लिटर, म्हणजे असे पन्नास रुग्ण. त्या रात्री आमच्यापैकी अनेकांनी हा भागाकार कागदाच्या चिटोऱ्यावर पुन्हा पुन्हा केला. टाकीत किती आहे, यापेक्षा किती वेळ पुरेल हा प्रश्न महत्त्वाचा होता. घरी सिलिंडर असेल तर हाच भागाकार तुम्हीही करून ठेवा आणि डॉक्टरांनी ठरवलेला लिटरचा आकडा त्यांना विचारल्याशिवाय वाढवू नका.

हार्वेकडे ना मिनिटकाटा होता, ना मिलिलिटर. त्याच्याकडे होता औषधांचा तराजू, अर्ध्या तासाचे माप आणि आकड्याखाली काळ लिहिण्याचा हट्ट. आमच्या वॉर्डात नवे इंटर्न येतात तेव्हा पहिल्या दिवशी मी त्यांना एवढेच सांगतो की आकडा लिहिलात तर त्यापुढे एकक लिहा, आणि वाहणारी गोष्ट असेल तर वेळही लिहा. त्या आजोबांची गोष्ट मग ते आपणहून विचारतात.